ज्ञानावरील कर आणि एका पेनीचे पत्र

वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या इतिहासावर बोलावे असे व्याख्यानमालेच्या चालकांनी सुचविले, तेव्हा हा विषय एखाद्या संपादकाला किंवा वकिलाला सोडून कामगार संघटनेच्या माणसाकडे कसा आला, असे आम्हांस वाटले. आमचे शालेय शिक्षण रात्रशाळेच्या दहावीपाशी संपले. पुढचे वाचन झाले ते सार्वजनिक वाचनालयात, संपाच्या रिकाम्या दिवसांत आणि लेबर कोर्टाच्या बाकावर पुकाऱ्याची वाट पाहताना. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा श्रोत्यांनी केली नाही आणि वाचकांनीही करू नये. भाषणात वेळेअभावी राहिलेला काही भाग येथे घातला आहे, इतकेच.

हा इतिहास बहुधा एका ठराविक रीतीने सांगितला जातो. एक जुलमी सरकार असते, एक निर्भय संपादक असतो. खटला होतो, शिक्षा होते, लोकमत खवळते आणि अखेरीस कायदा मागे घेतला जातो. ही कथा खोटी नाही. परंतु या कथेत पत्र विकणारा माणूस सहसा दिसत नाही, आणि पत्राची किंमत किती होती हेही कोणी सांगत नाही. या दोन गोष्टी मध्यभागी ठेवून पाहिले की, सरकारने आपला हात सैल केला म्हणजे नेमका कोणाच्या गळ्यावरून काढला, असा प्रश्न उभा राहतो. आम्ही इंग्लंडचे उदाहरण घेतले आहे, कारण आपल्या छापखान्यांवरील कायद्यांची कुळी तिकडचीच आहे.

इंग्लंडात १६६२ च्या परवाना कायद्याने कोणताही मजकूर छापण्यापूर्वी मंजुरी घ्यावी लागे. १६९५ साली त्या कायद्याची मुदत संपली आणि कॉमन्स सभेने तो पुढे चालविण्याचे नाकारले. मिल्टनने मुद्रणस्वातंत्र्यावरचा आपला प्रसिद्ध निबंध १६४४ सालीच लिहिला होता. पण कॉमन्स सभेने नकाराची जी कारणे दिली, त्यांत मिल्टनचे तत्त्वज्ञान शोधूनही सापडत नाही. पुस्तकविक्रेत्यांच्या एका मक्तेदार कंपनीचा फायदा होतो, परदेशची पुस्तके गोदीत अडकून पडतात, घरांच्या झडत्या होतात, अशी ती व्यवहारी कारणे होती. स्वातंत्र्य असे मागच्या दाराने आले. आम्हांला यात कमीपणा वाटत नाही. कारखान्यातही पुष्कळ चांगल्या गोष्टी मालकांच्या आपसांतील भांडणांतून पदरात पडतात.

लंडनमध्ये १७०२ साली पहिले दैनिक निघाले. आणि १७१२ साली सरकारला नवी युक्ती सुचली. परवाना नको, कर बसवा! अर्ध्या तावाच्या पत्रावर अर्धी पेनी, पूर्ण तावाच्या पत्रावर एक पेनी, प्रत्येक जाहिरातीवर एक शिलिंग, आणि कागदावर निराळा कर. करभरणीची खूण म्हणून प्रत्येक प्रतीवर सरकारी मुद्रांक उमटलेला असे. शतकभर हा कर चढत गेला आणि १८१५ साली प्रतीमागे चार पेनीवर पोहोचला. जाहिरातीवरचा कर साडेतीन शिलिंग झाला. साधारण वृत्तपत्राची किंमत त्यामुळे सात पेनी पडू लागली. बारा पेनीचा एक शिलिंग. आणि पुढे १८३० नंतर हातमागावर बसणाऱ्या विणकराची आठवड्याची कमाई पाच-सात शिलिंगांच्या आसपास होती, तीही काम मिळाले तर. एका पत्रासाठी त्याने दिवसाच्या मजुरीतला निम्मा वाटा मोजावा, अशी ही व्यवस्था. वाचण्याची बंदी कोणालाच नव्हती. पुढे लोकांनी या करांना ‘ज्ञानावरील कर’ असे नाव दिले.

कायदा म्हटला की पळवाट आलीच. कर होता तो बातमीवर. तेव्हा विल्यम कॉबेट या शेतकऱ्याच्या पोराने, जो पुढे मोठा पत्रकार झाला, १८१६ च्या नोव्हेंबरात बातम्या गाळून आपला अग्रलेख तेवढा सुट्या तावावर छापला व दोन पेनीला विकला. विरोधकांनी त्यास ‘दोन पेनीचा कचरा’ म्हटले. कॉबेटने ते नाव खुशाल मिरविले. हजारोंनी प्रती खपू लागल्या. मग १८१९ च्या ऑगस्टची १६ तारीख आली. मँचेस्टरच्या सेंट पीटर्स मैदानावर मताधिकार मागणाऱ्या निःशस्त्र जमावावर घोडदळ घालण्यात आले; अनेक माणसे मेली, शेकडो जखमी झाली. याला लोक पीटर्लू म्हणतात. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सरकारने सहा दडपकायदे केले. त्यांपैकी एकाने बातमी असो वा नुसते मत असो, ठराविक मुदतीने निघणाऱ्या आणि सहा पेनीहून स्वस्त अशा प्रत्येक पत्रावर मुद्रांक सक्तीचा केला. शिवाय प्रकाशकाने आधी जामीन द्यावा. लंडनमध्ये तीनशे पौंड, बाहेरगावी दोनशे. त्या कायद्याच्या प्रस्तावनेत सरकारविषयी द्वेष पसरविणारे कागद निघतात ही तक्रार आहेच. पण ते फार थोड्या किमतीला विकले जातात, हीही तक्रार तेथे उघड नोंदलेली आहे. सहा पेनी मोजू शकणाऱ्या माणसाच्या डोक्यात काय शिरते याची सरकारला तितकी धास्ती नव्हती.

आता आमच्या कथेचा नायक. हेन्री हेदरिंग्टन हा १७९२ साली लंडनमध्ये जन्मला. शिंप्याचा मुलगा, लहानपणीच छापखान्यात उमेदवारीला लागलेला. १८३१ च्या ९ जुलै रोजी त्याने ‘पुअर मॅन्स गार्डियन’, म्हणजे गरिबांचा कैवारी, हे साप्ताहिक सुरू केले. किंमत एक पेनी. मुद्रांक नाही. जेथे मुद्रांक उमटावयाचा त्या जागी त्याने छापयंत्राचे चित्र घातले आणि ज्ञान हेच सामर्थ्य अशा अर्थाचे ब्रीद लिहिले. एवढ्यावर न थांबता, हे पत्र कायद्याच्या विरुद्ध प्रसिद्ध होत आहे, न्याय बलवान की सत्ता हे पाहण्यासाठी होत आहे, असे त्याने पहिल्या पानावर छापून टाकले. लपूनछपून कायदा मोडणारे पुष्कळ असतात. शीर्षकाखालीच कबुलीजबाब छापणारा विरळा.

पत्र छापले तरी ते विकावयाचे कोणी? दुकानदार घाबरत. हेदरिंग्टनने जाहीर केले की, ज्यांना काम नाही आणि ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे काही नाही अशा शेकडो गरीब माणसांची गरज आहे. माणसे आली. बेकार विणकर, चांभार, टोपीवाले, म्हाताऱ्या बायका, पोरे. पत्र विकताना पकडले की दंड, आणि दंड देता आला नाही की तुरुंग. १८३० ते १८३६ या सहा वर्षांत अशा सातशेहून अधिक विक्रेत्यांना पकडण्यात आले. पोलिसांना चुकविण्याच्या युक्त्या ऐकण्यासारख्या आहेत. रद्दीची बोचकी घेऊन काही माणसे पुढच्या दाराने पळत सुटत, पोलीस त्यांच्या मागे लागत, आणि खरे गठ्ठे मागच्या दाराने जात. शवपेटीतून पत्रे बाहेर काढल्याचीही हकीगत सांगतात. हेदरिंग्टन स्वतः क्वेकर पंथीयाचा वेश घेऊन गावोगाव हिंडे. दोनदा त्याने सहा-सहा महिन्यांची कैद भोगली. तेवढ्या अवधीत पत्राचा एकही अंक चुकला नाही असे त्याच्या सोबत्यांना अभिमानाने सांगता येत असे. १८३२ पासून संपादनाचे काम जेम्स ब्रॉन्टेर ओब्रायन हा आयरिश गृहस्थ पाहू लागला. त्याच्यासारखे धारदार लिहिणारा त्या काळी कामगारांच्या बाजूस दुसरा नव्हता.

परंतु आमचे मन ओढून घेतो तो मॅकल्सफील्डचा जोसेफ स्वान. हा टोपी बनविणारा कारागीर. पूर्वी १८१९ साली पत्रके विकल्याबद्दल त्याला साडेचार वर्षांची शिक्षा झाली होती. १८३१ साली तो पुन्हा न्यायासनासमोर उभा राहिला. का विकतोस, असे विचारता त्याने सांगितले की, काम मिळत नाही आणि घरी खायला नाही, हे एक कारण. आणि माझ्या देशबांधवांनी वाचावे अशी माझी इच्छा आहे, हे दुसरे. न्यायाधीशांनी गप्प बसण्यास फर्माविले, तो बसला नाही. तीन महिन्यांची शिक्षा झाली तेव्हा, सुटल्यावर पुन्हा विकीन आणि पहिली प्रत तुमच्याच दारी आणीन, असे तो न्यायाधीशांना सांगून गेला. पोट आणि तत्त्व एका वाक्यात असे एकत्र नांदताना आम्ही कारखान्याच्या फाटकावर अनेकदा पाहिले आहे. पुस्तकांतून मात्र ती दोन निरनिराळ्या प्रकरणांत बसविलेली आढळतात.

याच काळात दुसरे एक पेनीचे साप्ताहिक जोरात चालले होते. ‘पेनी मॅगझिन’ असे त्याचे नाव. उपयुक्त ज्ञानाचा प्रसार करणाऱ्या एका प्रतिष्ठित संस्थेने ते १८३२ साली काढले. प्राणी, पुतळे, प्रार्थनामंदिरे यांची सुबक चित्रे, माहिती भरपूर, आणि राजकारण शून्य. त्यावरही मुद्रांक नव्हता. पण ते विकताना कोणी पकडला गेल्याचे ऐकिवात नाही. कामगाराने वाचू नये असे राज्यकर्त्यांचे म्हणणे नव्हतेच मुळी. त्याने जिराफाविषयी अवश्य वाचावे.

१८३४ च्या १७ जून रोजी मोठी मौज झाली. ‘पुअर मॅन्स गार्डियन’वरील खटला लॉर्ड लिंडहर्स्ट यांच्यासमोर, ज्यूरीसह चालला; आणि ज्यूरीने निकाल दिला की, हे पत्र कायद्याच्या व्याख्येप्रमाणे वृत्तपत्रच नव्हे! हेदरिंग्टनच्या दुसऱ्या एका पत्रावर दंड बसला तो निराळा. म्हणजे ज्या पत्रासाठी शेकडो माणसे तुरुंगात गेली, ते पत्र मुळात कायद्याबाहेर नव्हते. त्या लोकांचे गेलेले महिने कोणी परत दिले नाहीत.

एव्हाना कायदा निकामी झाला होता. लंडनमध्ये मुद्रांक नसलेल्या पत्रांचा खप मुद्रांकित पत्रांहून अधिक भरू लागला. कर भरणाऱ्या मोठ्या पत्रांचे मालक ओरडू लागले की, आम्ही चार पेनी भरतो आणि हे चोर एका पेनीत सगळे पत्र देतात. सरकारपुढे दोन वाटा होत्या. कर साफ काढून टाकावा, अथवा कमी करावा. अर्थमंत्री स्प्रिंग राइस यांनी दुसरी वाट धरली. १८३६ च्या १५ सप्टेंबरपासून मुद्रांक चार पेनीवरून एक पेनीवर आला. देशभर आनंद व्यक्त झाला. शालेय इतिहासाच्या पुस्तकांत ही तारीख स्वातंत्र्याकडील एक पाऊल म्हणून दिलेली असते.

या पावलाकडे जरा वाकून पाहिले पाहिजे. ‘टाइम्स’ सात पेनीला मिळत असे, तो पाच पेनीला मिळू लागला. गरिबांचे पत्र एका पेनीला मिळत असे; त्यावर आता एक पेनीचा मुद्रांक खरोखर भरणे भाग पडले, कारण त्याच कायद्याने दंड वाढविले, झडतीचा अधिकार दिला आणि चोरून छापणाऱ्याचे यंत्र व खिळे जप्त करण्याची सोय केली. विक्रेता तुरुंगात गेला तर दुसरा मिळे. यंत्र गेले की सगळेच गेले. हेदरिंग्टनला अखेर मुद्रांक पत्करावा लागला, आणि त्याचे दोन पेनीचे दुसरे साप्ताहिक साडेतीन पेनीला जाऊन बसले. म्हणजे ज्याला सात पेनी परवडत होते त्याचे दोन पेनी वाचले आणि ज्याला दोनच परवडत होते त्याच्यावर दीड चढला. दोघांनाही एकाच कायद्याने एकाच दिवशी स्वातंत्र्य मिळाले. सातशे माणसांच्या तुरुंगवासाचे फळ ज्यांच्या पदरात पडले, त्यांच्यापैकी एकही तुरुंगात गेलेला नव्हता. संपानंतरचे काही करार आम्ही असे पाहिले आहेत. म्हणून या भागापाशी आम्ही थोडे रेंगाळलो.

तरीही ही नुसती फसवणूक होती असे आम्ही म्हणणार नाही. पत्रे विकता विकता, तुरुंगात एकमेकांना भाकरी पोहोचविता पोहोचविता जी माणसे एकत्र आली, त्यांनीच १८३६ साली लंडनच्या कामगारांची संघटना उभारली. लव्हेट, क्लीव्ह, वॉटसन, हेदरिंग्टन ही नावे त्यात आहेत. आणि १८३८ ची लोकसनद, जिच्यावरून चार्टिस्ट चळवळीला नाव पडले, याच मंडळींच्या हातून निघाली. त्या चळवळीचे ‘नॉर्दर्न स्टार’ हे पत्र १८३७ साली लीड्सला निघाले ते मुद्रांकासह, साडेचार पेनीला. कामगार वर्गणी काढून एक प्रत घेत आणि दारूच्या गुत्त्यात किंवा कामाच्या जागी एकाने मोठ्याने वाचावे, दहांनी ऐकावे असे करीत. मुंबईच्या गिरणगावात एका खोलीत एकच वर्तमानपत्र कसे वाचले जाई हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना निराळे सांगायला नको.

पुढची हकीगत लवकर आटोपता येते. हेदरिंग्टन १८४९ साली पटकीने वारला. त्याच सुमारास उरलेले कर काढून टाकण्याची मोहीम उभी राहिली. पण तिच्या अग्रभागी आता कॉब्डेन, मिल्नर गिब्सन यांच्यासारखे खुल्या व्यापाराचे पुरस्कर्ते होते. तुरुंगाऐवजी अर्ज, शिष्टमंडळे, पार्लमेंटमधील ठराव. १८५३ साली जाहिरातकर गेला, १८५५ साली सक्तीचा मुद्रांक गेला, १८६१ साली कागदावरचा कर गेला. हा शेवटचा कर उठविण्यास लॉर्ड्स सभेने १८६० साली नकार दिला होता. तेव्हा ग्लॅडस्टन यांनी पुढल्या वर्षी सगळे करप्रस्ताव एकाच विधेयकात बांधून ते मंजूर करून घेतले. जामिनाची अट १८६९ साली निघाली. १६९५ पासून मोजले तर पावणेदोनशे वर्षे लागली.

स्वस्त पत्रांचे युग आले हे खरेच. ‘डेली टेलिग्राफ’ १८५५ च्या जूनमध्ये निघाला आणि त्याच वर्षी एका पेनीला विकू लागला. परंतु एका पेनीत एवढे मोठे पत्र द्यावयाचे तर मधला खर्च भरून काढावा लागतो, आणि तो जाहिरातींनी भरला. हेदरिंग्टनचे पत्र वाचकाच्या पेनीवर चालत होते. नवे पत्र वाचकाच्या पेनीवर चालत नव्हते; त्या पेनीवाल्याला काय विकता येईल यावर चालत होते. छपाईची यंत्रे मोठी व महाग झाली. हातयंत्रावर पत्र काढणारा कारागीर या शर्यतीतून आपोआप बाहेर पडला.

याचा शेवट कोठे झाला हे पाहण्यासाठी शंभर वर्षे पुढे जावे लागेल. लंडनच्या संपकरी मुद्रण-कामगारांनी १९११ साली ‘डेली हेरल्ड’ नावाचे संपपत्रक काढले. १९१२ साली त्याचे दैनिक झाले, १९२२ साली ते ब्रिटिश ट्रेड युनियन काँग्रेसच्या ताब्यात आले, आणि १९३० साली ऑडहॅम्स या प्रकाशन कंपनीशी भागी करून वाढले. १९३३ साली त्याचा खप वीस लाखांवर गेला. मुद्रांक नाही, जामीन नाही, परवाना नाही. सरकारने त्याच्यावर बोटही उगारले नाही. असे असून १९६४ च्या सप्टेंबरात ते बंद झाले. त्या वेळीही त्याचा खप बारा लाखांच्या वर होता. ‘टाइम्स’, ‘गार्डियन’ व ‘फायनान्शियल टाइम्स’ या तिघांच्या वाचकांची बेरीज केली तरी ‘हेरल्ड’चे वाचक अधिक भरत. पण ते वाचक कामगार होते आणि पुष्कळसे वयस्क होते. त्यांच्यापुढे माल मांडण्यासाठी पैसे मोजण्यात जाहिरातदारांना स्वारस्य नव्हते. बारा लाख गिऱ्हाईक असलेले दुकान गिऱ्हाईक गरीब म्हणून बंद पडले.

आता आपल्याकडे. हिंदुस्थानात कंपनी सरकारने आधी पूर्वतपासणी व मग परवाना अशी बंधने घातली होती. हंगामी गव्हर्नर-जनरल सर चार्ल्स मेटकाफ यांनी परवान्याची अट उठविली. नवा कायदा अमलात आला तो १८३५ च्या १५ सप्टेंबरला. इंग्लंडात मुद्रांक उतरला त्याच्या बरोबर एक वर्ष आधी. तारखांचा नुसता योगायोग. लोकांना अज्ञानात ठेवूनच राज्य टिकवावयाचे असेल तर ते राज्य देशाला शापच होय, अशा आशयाचे उद्गार मेटकाफ यांनी काढले होते. कंपनीच्या संचालकांना ते रुचले नाहीत.

पुढे इंग्लंडने टाकून दिलेले जामिनाचे हत्यार येथे कामी आले. तिकडे ते १८६९ साली मोडीत निघाले. १८७८ साली लॉर्ड लिटन यांनी देशी भाषांतील पत्रांसाठी ते बाहेर काढले. इंग्रजी पत्रांना त्यातून सूट होती. येथेही स्वस्त पत्राचीच धास्ती, फक्त ‘स्वस्त’च्या जागी ‘देशी’. पुण्यात कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेला ‘दीनबंधु’ १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत चालविण्यास घेतला तेव्हा हाच कायदा चालू होता. लॉर्ड रिपन यांनी तो १८८२ साली रद्द केला, आणि १८८४ साली लोखंड्यांनी गिरणीकामगारांची पहिली संघटना स्थापिली. पत्र आधी आणि संघटना मागून, हा क्रम इंग्लंडसारखाच आहे हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

जामीन १९१० साली परत आला. नव्या छापखान्याला पाचशे ते दोन हजार रुपये ठेव. डॉ. आंबेडकरांचा ‘मूकनायक’ १९२० च्या जानेवारीत निघाला तो या कायद्याच्या छायेत. शाहू महाराजांनी अडीच हजारांची मदत केली म्हणून आरंभ तरी झाला. १९२२ साली तो कायदा रद्द झाला. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली निघाला तेव्हा तसे बंधन उरले नव्हते, आणि तरी दोन-अडीच वर्षांत तो थांबला. सरकारने थांबविला नाही. ग्राहक थोडे आणि गरीब, जाहिराती नाहीत, आणि रकानेच्या रकाने एकट्या संपादकाने भरावयाचे, या भाराखाली थांबला.

या दोन प्रकारच्या दाबांची सरमिसळ आम्ही स्वतः अनुभवली आहे. पंचवीस-एक वर्षांपूर्वी आमच्या वसाहतीतील एका कारखान्यात बदली कामगारांचा प्रश्न पेटला होता. पत्रक छापावयाचे होते. ओळखीच्या छापखानदाराने मजकूर वाचला आणि हात जोडले. १८६७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव व ठिकाण घालावे लागे. आम्हांस वाटले, हा पोलिसांना भितो. तो म्हणाला, “साहेब, पोलीस येऊन चहा पिऊन जातील. पण त्या कंपनीचे लेटरहेड, चलन-बुके सगळे माझ्याकडे छापतात. खाली माझे नाव दिसले की वर्षाचे काम गेले.” तो १८६७ चा कायदा १५६ वर्षे चालला. २०२३ च्या नव्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि २०२४ च्या मार्चपासून तो अमलात आला. छापखाना काढताना अधिकाऱ्यापुढे प्रतिज्ञापत्र करण्याची अट गेली, नियतकालिकाची नोंदणी सोपी झाली, तुरुंगवासाची कलमे बव्हंशी निघाली. दहशतवादी वा बेकायदा कृत्याबद्दल किंवा राज्याच्या सुरक्षिततेविरुद्धच्या कृत्याबद्दल शिक्षा झालेल्यास नियतकालिक काढता येणार नाही, असे नवे कलमही त्यात आहे. ते कसे वापरले जाते हे पाहत राहावे लागेल. बाकीचे सैल झाले ते चांगलेच झाले. छापखानदाराची भीती मात्र त्या कायद्यात कधीच नव्हती.

मग पैशाचा हा दाब सरकारनेच कायद्याने आवरावा, असे कोणी म्हणेल. तरुणपणी आम्ही तसेच म्हणत होतो. आपल्याकडे तो प्रयोग झाला आहे, आणि त्याचा निकाल पुण्याच्या एका पत्राने लावून घेतला. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ साली शिफारस केली की, मोठी पत्रे थोड्या किमतीत पुष्कळ पाने देऊन लहानांना मारतात, म्हणून पानांचे प्रमाण किमतीशी बांधावे. त्यावरून १९५६ चा कायदा व १९६० चा हुकूम निघाला. तितक्याच पानांसाठी जादा किंमत लावा, नाही तर पाने कमी करा. डॉ. परुळेकरांच्या ‘सकाळ’ची किंमत तेव्हा सात नवे पैसे होती. हुकुमाप्रमाणे तेवढ्या किमतीत नेहमीची पाने देता येईनात. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६१ च्या सप्टेंबरात पाच न्यायमूर्तींनी कायदा व हुकूम दोन्ही रद्द ठरविले; निकालपत्र न्यायमूर्ती मुधोळकरांचे. भाषणस्वातंत्र्यात किती लोकांपर्यंत पोहोचावयाचे हेही येते, आणि व्यापारी स्पर्धा आवरण्याच्या नावाखाली सरकारला ते कमी करता येणार नाही, असा त्याचा आशय. पुढे १९७२ साली कागदाच्या वाटपावरून असाच प्रश्न आला तेव्हा बहुमताने हाच सूर लावला. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी मात्र वेगळे मत नोंदविले.

संघटनेच्या अभ्यासवर्गात हे प्रकरण आम्ही भांडवलशाहीचा विजय म्हणून शिकवीत असू. लहान पत्रांना वाचविणारा कायदा मालकांनी मोडून काढला, असे आमचे प्रतिपादन. १९७५ च्या आणीबाणीत पत्रांवर पूर्वतपासणी बसली. पाने मोजण्याचा अधिकार ज्यांनी मागितला होता त्यांच्याच हाती तो १९६१ नंतरही राहिला असता तर काय झाले असते, हा विचार तेव्हा आमच्या मनात आला नव्हता. एका वर्गाला एक निवृत्त कंपोझिटर येऊन बसले होते. जन्मभर खिळे जुळविलेले, युनियनचे जुने सभासद. आमचे बोलणे संपल्यावर ते उठले आणि म्हणाले, “भाऊ, तुमचे सगळे पटले. पण तो हुकूम राहिला असता तर तेवढ्याच पानांना ‘सकाळ’ला सातांहून जास्त पैसे घ्यावे लागले असते. तेव्हा आमची रोजची चहाची कपबशीसुद्धा मोजून असायची. वरचा पैसा मी कुठून आणला असता?” त्या दिवशी आम्ही वेळ संपल्याचे सांगून वर्ग आटोपता घेतला. पुढल्या वर्गापासून मात्र हे प्रकरण शिकविताना आधी त्यांचा प्रश्न फळ्यावर लिहितो आणि मग हेदरिंग्टनपासून सुरुवात करतो.